कोटाआडचे पिस्तूल

अंगावर शस्त्र लपवून फिरण्यावर अमेरिकेत पहिली बंदी घातली ती केंटकी आणि लुइझियाना या राज्यांनी, १८१३ साली. खिशात मावणारे पिस्तूल, कट्यार, मोठा सुरा किंवा काठीत दडवलेली गुप्ती घेऊन हिंडणाऱ्याला केंटकीत किमान १०० डॉलर दंड होता. त्या काळच्या मजुराला ही कित्येक महिन्यांची कमाई. दूरच्या प्रवासाला निघालेल्यांना सूट होती. कमरेला पिस्तूल लावून उघडपणे फिरण्याबद्दल मात्र कायद्याची काहीच तक्रार नव्हती. पुढच्या पाव शतकात इंडियाना, जॉर्जिया, टेनेसी, व्हर्जिनिया आणि अलाबामा यांनीही थोड्याफार फरकाने असेच कायदे केले. इंडियाना सोडली तर ही सगळी दक्षिणेची, गुलामगिरी असलेली राज्ये. आज शस्त्रांवरच्या निर्बंधांना सर्वांत कडवा विरोध होतो तोही बव्हंशी याच पट्ट्यातून.

दक्षिणेतच हे कायदे का झाले, याचे एक उत्तर इतिहासकार क्लेटन क्रेमर यांनी द्वंद्वयुद्धाच्या प्रथेत शोधले आहे. मानापमानाचा निकाल पिस्तुलाने लावण्याची तिथल्या प्रतिष्ठितांची रीत होती. तिला नियम होते: आव्हान, साक्षीदार, मोजलेले अंतर. सुधारकांनी आणि विधिमंडळांनी द्वंद्वावर बंदी घातली, पण मानापमानाची भावना काही बंद झाली नाही. भांडणे गुत्त्यात आणि चव्हाट्यावर आली, आणि आव्हान न देता कोटाच्या आतून सुरा निघू लागला. १८२७ मध्ये मिसिसिपी नदीतल्या एका वाळूपट्टीवर दोन गृहस्थांचे रीतसर द्वंद्व कोणालाही इजा न होता संपले. लगेच त्यांचे पाठीराखे एकमेकांवर तुटून पडले, आणि जिम बोवी याच्या हातातला लांब सुरा देशभर गाजला. दहा वर्षांनी अलाबामाने ‘बोवी’ सुऱ्याच्या प्रत्येक विक्रीवर १०० डॉलर कर बसवला. म्हणजे या कायद्यांच्या नजरेत पिस्तूल एकटे नव्हते. दगाबाजीला सोयीचे ते प्रत्येक हत्यार त्यांच्या यादीत होते.

कायदा झाला तसे खटलेही आले. गुप्ती बाळगल्याबद्दल दंड झालेल्या ब्लिस नावाच्या इसमाच्या खटल्यात केंटकीच्या वरिष्ठ न्यायालयाने १८२२ मध्ये तो कायदाच राज्यघटनाबाह्य ठरवला. शस्त्र बाळगण्याचा हक्क म्हणजे ते कसे बाळगायचे हे ठरवण्याचाही हक्क, अशी न्यायालयाची भूमिका. राज्याने त्यावर १८५० मध्ये घटनाच बदलली आणि छुप्या शस्त्रांवर बंदी घालण्याचा अधिकार विधिमंडळाला स्पष्ट शब्दांत दिला. इतरत्र न्यायालयांचा कौल बहुतेक ठिकाणी बंदीच्या बाजूने पडला. १८४६ च्या नन खटल्यात जॉर्जियाच्या सर्वोच्च न्यायालयाने मधली रेघ आखली: लपवण्यावर बंदी चालेल, उघड बाळगण्यावर चालणार नाही. १८५० मध्ये लुइझियानाच्या न्यायालयाने चँडलर खटल्यात त्यामागची नीतीही सांगितली. उघड शस्त्र बाळगणारा समोरच्याला सावध करतो, लपवणारा दगा देतो, हा तिचा मथितार्थ. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९७ मध्ये खलाशांच्या एका खटल्यात जाता जाता म्हटले की, छुप्या शस्त्रांवरील बंदीने, शस्त्र बाळगण्याचा हक्क सांगणाऱ्या घटनेच्या दुसऱ्या दुरुस्तीचा भंग होत नाही. तेव्हा यावर कोणाला फारसे आश्चर्य वाटले नाही.

उत्तरेने वेगळी वाट धरली होती. १३२८ च्या नॉर्थॅम्प्टन कायद्यापासून इंग्लंडमध्ये लोकांना धाक बसेल अशा रीतीने सशस्त्र फिरणे हा शांततेचा भंग मानला जाई. त्याच परंपरेतून मॅसॅच्युसेट्सने १८३६ मध्ये मुचलक्याची पद्धत आणली. सबळ कारणाशिवाय शस्त्र घेऊन फिरणाऱ्याविरुद्ध कोणी तक्रार केली, तर न्यायाधीश त्याच्याकडून चांगल्या वर्तणुकीचा जामीन घेई. मुचलका दिला की त्याला हत्यार घेऊन फिरायला मोकळीक. दरम्यान हत्यारही बदलत होते. सॅम्युएल कोल्टने १८३६ मध्ये रिव्हॉल्व्हरचे पेटंट घेतले, तर फिलाडेल्फियाच्या हेन्री डेरिंजरची पिस्तुले तळहातात मावत. १४ एप्रिल १८६५ रोजी अब्राहम लिंकन यांच्यावर झाडली गेली ती गोळी अशाच एका डेरिंजरची.

यादवी युद्धानंतर या कायद्यांचे दुसरे अंग उघडे पडले. १८६५ च्या अखेरीस मिसिसिपीने मुक्त झालेल्या गुलामांना परवान्याविना शस्त्र बाळगण्यास बंदी केली. दक्षिणेतल्या इतर राज्यांच्या तथाकथित ‘काळ्या संहितां’तही तशी कलमे होती. सर्वांना कायद्याचे समान संरक्षण देणाऱ्या चौदाव्या घटनादुरुस्तीनंतर वंशाचा उल्लेख कायद्यात करता येईना, तेव्हा तेच काम परवाना देणाऱ्याच्या मर्जीवर सोपवले गेले. फ्लोरिडाने १८९३ मध्ये विंचेस्टर आणि तत्सम रायफलींसाठी परवाना लावला, पुढे त्यात पिस्तूलही आले. हा कायदा मुळात कृष्णवर्णीय मजुरांना निःशस्त्र करण्यासाठी होता आणि गोऱ्यांना तो लावण्याचा कधी हेतूच नव्हता, अशी कबुली त्याच राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातील न्यायमूर्ती बुफोर्ड यांनी १९४१ च्या एका निकालपत्रात दिली आहे. याचे सर्वांत ठळक उदाहरण १९५६ चे. माँटगोमेरीतील बस बहिष्काराच्या काळात मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बाँब पडला. त्यानंतर त्यांनी पिस्तूल बाळगण्याच्या परवान्यासाठी अर्ज केला आणि तो नामंजूर झाला. जिवाला धोका असल्याचा याहून उघड पुरावा कोणत्या अर्जदाराकडे असणार होता?

पश्चिमेकडे पाहिले तर चित्रपटांनी रंगवलेल्या चित्राच्या नेमके उलटे दिसते. गुराख्यांच्या आणि खाणकामगारांच्या गावांत शस्त्रबंदी बरीच कडक होती, आणि ती उघड-छुपे असा भेदही करत नसे. ॲरिझोनातील टूम्बस्टोन गावाने १९ एप्रिल १८८१ रोजी ठराव क्रमांक ९ मंजूर केला. गावात शिरणाऱ्याने आपले हत्यार तबेल्यात किंवा गुत्त्यात जमा करायचे आणि जाताना परत न्यायचे, अशी व्यवस्था. २६ ऑक्टोबरच्या सकाळी आइक क्लँटन नावाचा गुराखी हत्यारांसह गावात फिरताना सापडला. मार्शल व्हर्जिल अर्पने त्याला पकडून न्यायाधीशापुढे उभे केले, २५ डॉलर दंड आणि वर अडीच डॉलर खर्च वसूल झाला, आणि त्याची हत्यारे एका हॉटेलात ठेवली गेली. दुपारी त्याचे भाऊबंद व साथीदार सशस्त्र उभे असल्याचे कळताच व्हर्जिल आपले दोन भाऊ आणि डॉक हॉलिडे यांना घेऊन त्यांची शस्त्रे काढून घ्यायला गेला. अर्ध्या मिनिटाच्या गोळीबारात तिघे ठार झाले. ओ. के. कोरलची चकमक म्हणून अजरामर झालेला हा प्रसंग निघाला तो नगरपालिकेच्या एका ठरावाच्या अंमलबजावणीतून. टेक्सासने तर १८७१ मध्येच संपूर्ण राज्यात पिस्तूल बाळगण्यावर, उघड असो वा छुपे, जवळजवळ सरसकट बंदी घातली होती. ती सव्वाशे वर्षे टिकली.

विसाव्या शतकाच्या आरंभी प्रश्न महानगरात येऊन पोहोचला. ऑगस्ट १९१० मध्ये न्यूयॉर्कचे महापौर विल्यम गेनर यांच्यावर जहाजाच्या डेकवर गोळी झाडण्यात आली, ते वाचले. जानेवारी १९११ मध्ये कादंबरीकार डेव्हिड ग्रॅहम फिलिप्स यांचा ग्रॅमर्सी पार्कजवळ भरदिवसा खून झाला. त्याच वर्षी शहराच्या राजकारणातील टॅमनी हॉल या संघटनेचे वजनदार पुढारी टिमथी सलिव्हन यांनी आणलेला कायदा मंजूर झाला. लहान पिस्तूल घरी ठेवायलाही परवाना लागू लागला, आणि परवान्याविना ते घेऊन फिरणे गंभीर गुन्हा ठरला. खिशात पोलिसांनीच पिस्तूल टाकून अडकवू नये म्हणून शहरातल्या काही गुंडांनी कोटाचे खिसे शिवून टाकले, असा किस्सा सांगतात. सुरुवातीच्या काळात हा कायदा इटालियन स्थलांतरितांवर विशेष जोमाने वापरला गेला. वर्तमानपत्रांतून त्यांच्याविषयी तेव्हा जे छापून येई, ते पाहता यात नवल नव्हते.

१९१३ च्या दुरुस्तीने त्यात एक छोटीशी अट आली: लपवून पिस्तूल बाळगण्यासाठी ‘योग्य कारण’ दाखवले पाहिजे. कारण योग्य की अयोग्य हे ठरवणार परवाना अधिकारी. पुढे न्यायालयांनी तिचा अर्थ आणखी आवळला. वस्ती धोक्याची आहे एवढे पुरेसे नाही. चारचौघांपेक्षा वेगळा, खास आपल्यालाच असलेला धोका अर्जदाराने सिद्ध करावा. रात्रपाळीहून परतणाऱ्या नर्सला ते जमत नसे. हिऱ्यांचे व्यापारी, निवृत्त पोलीस, नामांकित धनिक यांना जमे. डॉनल्ड ट्रम्प यांच्याकडेही असा परवाना होता. जिथे मर्जी तिथे मध्यस्थ, हा नियम न्यूयॉर्कनेही मोडला नाही. २०१७ मध्ये तिथल्या पोलिसांच्या परवाना विभागातील अधिकाऱ्यांवर लाच घेऊन परवाने दिल्याचे खटले दाखल झाले.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अधिकाऱ्याच्या मर्जीवर चालणारी ही पद्धत बहुतेक राज्यांत रूढ झाली, आणि तिला नॅशनल रायफल असोसिएशनचाही विरोध नव्हता. संघटनेचे अध्यक्ष कार्ल फ्रेडरिक यांनी १९३४ मध्ये काँग्रेसच्या समितीपुढे साक्ष देताना, सरसकट सर्वांनी पिस्तुले घेऊन फिरणे आपल्याला मान्य नाही, त्यावर कडक निर्बंध हवेत, असे सांगितले होते. अपवाद व्हर्माँटचा. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९०३ मध्ये रटलंड शहराची परवान्याची अट रद्द केली, आणि त्यानंतर त्या शांत, दूधदुभत्याच्या राज्यात असा परवाना कधी अस्तित्वातच आला नाही.

वारे फिरले ते १९७० च्या दशकात. शहरांतील गुन्हे वाढले होते, पोलिसांवरचा विश्वास घसरला होता. १९७७ मध्ये सिनसिनाटीच्या वार्षिक सभेत कडव्या गटाने रायफल असोसिएशनची सूत्रे ताब्यात घेतली. नेमबाजांची संघटना राजकीय दबावगट बनली. तिने हाती घेतलेली मागणी वरकरणी माफक होती. परवाना रद्द करा असे तिने म्हटले नाही. तो देताना अधिकाऱ्याला मर्जी चालवू देऊ नका, असे म्हटले. वय, प्रशिक्षण आणि गुन्ह्यांची नोंद नसणे या अटी पूर्ण झाल्या की परवाना दिलाच पाहिजे. वॉशिंग्टन राज्याने १९६१ मध्येच असा कायदा केला होता, पण तो गाजला नव्हता. गाजला तो फ्लोरिडाचा.

फ्लोरिडात तोवर प्रत्येक काउंटीचे नियम वेगळे होते. असोसिएशनच्या राज्यातील मुख्य प्रचारक मॅरियन हॅमर यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला आणि गव्हर्नर बॉब मार्टिनेझ यांनी १९८७ मध्ये विधेयकावर सही केली. १ ऑक्टोबरला कायदा लागू झाला आणि लगेच एक फट लक्षात आली: जुनी कलमे बदलताना पिस्तूल उघडपणे लावून फिरण्यावरचा निर्बंधच सुटून गेला होता. पर्यटकांच्या राज्याला हे परवडणारे नव्हते. काही दिवसांतच विधिमंडळाने उघड शस्त्रावर बंदी घातली. अशा तऱ्हेने फ्लोरिडात लपवणे कायदेशीर आणि दाखवणे बेकायदा ठरले. एकोणिसाव्या शतकातल्या न्यायाधीशांना हे वाचून भोवळ आली असती. पण बदल समाजाच्या सवयींतच झाला होता. रोज रस्त्यात दिसणारे पिस्तूल नाहीसे झाल्यावर ते दिसणेच भयप्रद वाटू लागले, आणि कोटाआड झाकून ठेवणे हा सभ्यपणा ठरला. ती बंदी २०२५ पर्यंत टिकली. त्या वर्षी राज्याच्या एका अपील न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली.

टेक्सासमध्ये कारण ठरले एक हत्याकांड. १६ ऑक्टोबर १९९१ रोजी किलीन गावातील ल्युबीज कॅफेटेरियात एका माणसाने आपली गाडी काच फोडून आत घातली आणि २३ जणांना गोळ्या घालून मारले. त्या वेळी सुझॅना ग्रेशा आपल्या आईवडिलांबरोबर तिथे जेवत होत्या. त्यांचे रिव्हॉल्व्हर कायद्याच्या भीतीने बाहेर गाडीत ठेवलेले होते. आईवडील दोघेही मारले गेले. पुढे विवाहानंतर सुझॅना हप या नावाने त्यांनी अनेक राज्यांच्या विधिमंडळांपुढे साक्ष दिली, आणि त्या साक्षीचा परिणाम कोणत्याही आकडेवारीपेक्षा जास्त झाला. १९९३ मध्ये गव्हर्नर ॲन रिचर्ड्स यांनी या विषयावरील विधेयक नकाराधिकार वापरून रोखले. पुढच्या वर्षी त्या निवडणूक हरल्या, आणि १९९५ मध्ये जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी सही केली. टेक्सासमध्येही परवाना मिळाला तो लपवूनच बाळगण्याचा. पिस्तूल उघड लावायला २०१६ उजाडावे लागले. मिसुरीत १९९९ मध्ये सार्वमताने असा कायदा फेटाळला, पण चार वर्षांनी विधिमंडळाने गव्हर्नरचा नकाराधिकार मोडून तो केलाच.

या कायद्यांनी गुन्हे घटले की वाढले? अर्थशास्त्रज्ञ जॉन लॉट आणि डेव्हिड मस्टर्ड यांनी १९९७ मध्ये १९७७ ते १९९२ या काळातील काउंटीनिहाय आकडेवारीवरून ते घटल्याचा निष्कर्ष काढला. कोणाकडे शस्त्र आहे हे कळत नसल्याने गुन्हेगार कचरतो, असा त्यामागचा तर्क. म्हणजे लपवण्यातच सार्वजनिक लाभ. विरोधकांनी बोट ठेवले ते काळावर. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात क्रॅक कोकेनच्या धंद्याने ज्या शहरांत रक्तपात माजवला, त्यांतली न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस, शिकागो यांसारखी मोठी शहरे कडक निर्बंधांच्या राज्यांत होती. तिथले खून वाढले म्हणून तुलनेत इतर राज्ये चांगली दिसली. लाट ओसरल्यावरची वर्षे हिशेबात घेताच चित्र पालटू लागले. नॅशनल रिसर्च काउन्सिलच्या समितीने २००४ मध्ये, उपलब्ध पुराव्यावरून कोणताच निष्कर्ष काढता येत नाही, असा निर्णय दिला, जेम्स क्यू. विल्सन या एका सदस्याने खुनांपुरते वेगळे मत नोंदवले. जॉन डोनोह्यू आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये नवी पद्धत वापरून मांडले की, असा कायदा झाल्यावर दहा वर्षांनी हिंसक गुन्हे अपेक्षेपेक्षा १३ ते १५ टक्के जास्त असतात. गाड्यांतून चोरीला जाणारी पिस्तुले हे त्यांनी सुचवलेले एक कारण. मूडी आणि मार्व्हेल यांच्यासारख्या अभ्यासकांना हे मान्य नाही, पण पुराव्याचा झोक अलीकडे डोनोह्यू यांच्या बाजूला आहे. विधिमंडळे मात्र कोणत्याच शोधनिबंधासाठी थांबली नाहीत.

छुपे पिस्तूल बाळगण्याची मुभा देणारे शेवटचे राज्य इलिनॉय. तिथली सरसकट बंदी संघीय अपील न्यायालयाने २०१२ मध्ये रद्द केली आणि २०१३ मध्ये नाइलाजाने परवान्याचा कायदा आला. तोवर पुढची मागणी सुरू झाली होती: परवानाच नको. अलास्काने २००३ मध्ये आणि ॲरिझोनाने २०१० मध्ये अट काढली, टेक्सासने २०२१ मध्ये काढली, आणि २०२४ पर्यंत अशा राज्यांची संख्या २९ झाली. गाडी अडवणाऱ्या शिपायाला समोरच्याकडे शस्त्र असण्याचा अधिकार आहे की नाही हे कळणार कसे, म्हणून अनेक ठिकाणी पोलीस संघटनांनी विरोध केला. १९८७ मध्ये ज्या परवान्यासाठी एवढी झुंज दिली, तोच आता जाच ठरला होता. एका राज्याचा परवाना देशभर चालावा हे विधेयक डिसेंबर २०१७ मध्ये प्रतिनिधीगृहात २३१ विरुद्ध १९८ मतांनी मंजूर झाले. सिनेटमध्ये ते अडले.

न्यूयॉर्कचे ‘योग्य कारण’ २३ जून २०२२ रोजी संपले. ब्रुएन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी १९१३ ची ती अट रद्द केली. विशेष म्हणजे ब्राँक्स आणि ब्रुकलिनमध्ये गरिबांची वकिली करणाऱ्या, एरवी डावीकडे झुकणाऱ्या संस्था या वेळी अटीच्या विरोधात उभ्या होत्या. शिक्षा भोगणारे त्यांचे अशील बहुतांशी कृष्णवर्णीय आणि लॅटिनो होते. न्यायमूर्ती क्लॅरेन्स टॉमस यांच्या निकालपत्राने सरकारांपुढे नवी कसोटी ठेवली: शस्त्रांवरचा कोणताही निर्बंध देशाच्या ऐतिहासिक परंपरेत बसतो हे दाखवा. मग सारा इतिहासच न्यायालयापुढे आला. नॉर्थॅम्प्टनचा कायदा फार जुना ठरला. टेक्सासची १८७१ ची बंदी अपवाद म्हणून, तर पश्चिमेकडच्या प्रदेशांचे कायदे अल्पजीवी म्हणून बाजूला पडले. दक्षिणेतल्या जुन्या निकालांतून न्यायालयाने एवढेच घेतले की, उघड बाळगण्याची वाट मोकळी असेल तरच लपवण्यावर बंदी घालता येते. ही निवड सर्वच इतिहासकारांना पटलेली नाही, आणि त्यांच्या आक्षेपात तथ्य आहे. परंपरा कोणती आणि अपवाद कोणता, हे ठरवण्याला त्या निकालात पक्के माप नाही.

न्यूयॉर्कने आठवडाभरात नवा कायदा केला. १६ तासांचे वर्ग, दोन तास प्रत्यक्ष गोळीबाराचा सराव, आणि शाळा, रुग्णालये, उद्याने, भुयारी रेल्वे, टाइम्स स्क्वेअर अशा ‘संवेदनशील’ जागांची लांबलचक यादी. परवाना देणे भाग असेल, तर जागाच वर्ज्य करण्याचा हा मार्ग कॅलिफोर्निया, न्यू जर्सी आणि हवाई यांनीही धरला. कौटुंबिक हिंसाचारामुळे न्यायालयीन मनाई असलेल्यांकडून शस्त्र काढून घेता येते, हे २०२४ च्या रहीमी निकालात आठ विरुद्ध एक मतांनी मान्य झाले आणि कसोटी थोडी सैल झाली. हवाईने खासगी दुकाने व हॉटेले मालकाची स्पष्ट परवानगी नसेल तर वर्ज्य ठरवली. त्याविरुद्धचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये सुनावणीस घेतले. परंपरेचा पुरावा म्हणून तिथे पुढे आलेल्या कायद्यांत एक आहे लुइझियानाचा, १८६५ सालचा, काळ्या संहितांच्या काळातला.